चाचणीचे मेल सर्व्हरच्या रांगेतच कसे रोखून ठेवावेत?

उंबरठा यांचा प्रश्न:

नमस्कार. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमच्या जाणकारांकडून एका बाबतीत मार्गदर्शन हवे आहे. प्रश्न थोडा सविस्तर मांडतो, कारण अर्धवट माहितीवर सल्ला मागून मी एकदा तोंडघशी पडलो आहे.

आमच्या सभासद-नोंदणीच्या प्रणालीची नवी आवृत्ती तयार होत आहे आणि तिच्यासाठी एक स्वतंत्र चाचणी सर्व्हर आहे. या सर्व्हरवर चालू प्रणालीच्या डेटाबेसची प्रत उतरवलेली असते, त्यामुळे तिच्यातील ईमेल पत्ते खऱ्या सभासदांचे असतात. रात्री एक क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे काम) चालते आणि ज्यांची मुदत संपत आली आहे त्यांच्यासाठी स्मरणपत्रे तयार करते. ही पत्रे नेहमीच्या वाटेने पूर्णपणे जावीत, म्हणजे त्यांना सर्व हेडर लागावेत, डीकेआयएमची सही (पत्र आमच्याच डोमेनचे आहे हे दाखवणारी डिजिटल सही) व्हावी आणि ती रांगेत पोहोचावीत, पण त्या रांगेतून एकही पत्र सर्व्हरच्या बाहेर पडू नये, एवढेच मला हवे आहे. रांगेत थांबलेली पत्रे मी एकेक उघडून पाहीन, त्यांतील दोन-तीन निवडून स्वतःच्या खात्यावर सोडेन आणि उरलेली पुसून टाकेन. रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य प्रशासक खात्याच्या, नावाने येणारे क्रॉनचे मेल मात्र अडता कामा नयेत, कारण बॅकअप अयशस्वी झाल्याची सूचना त्यांतूनच मिळते.

यासाठी मी मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाईलमध्ये «डिफर_ट्रान्सपोर्ट्स» या सेटिंगला «एसएमटीपी» (मेल बाहेर नेणारी वाहतूक) हे मूल्य दिले. तीन दिवस सर्व काही मनासारखे चालले. मेलक्यू या आज्ञेने यादी पाहिली की प्रत्येक पत्राखाली «डिफर्ड ट्रान्सपोर्ट» असे कारण दिसत असे. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर रांग रिकामी होती. लॉग उघडल्यावर पहाटे तीन वाजून काही मिनिटांनी दोनशेहून अधिक ओळींमध्ये «स्टेटस=सेंट» दिसले. ज्यांचे सभासदत्व मागच्याच महिन्यात नूतनीकरण झाले होते, अशा लोकांना «आपली मुदत उद्या संपत आहे» असे पत्र गेले. दिवसभर आम्ही क्षमापत्रे लिहीत होतो. चिंतेने फोन करणाऱ्या एका वयोवृद्ध सभासदांशी मी स्वतः बोललो आणि ते बोलणे अजून मनातून जात नाही.

मी सेटिंग बदलले नव्हते आणि सर्व्हरही पुन्हा सुरू झालेला नव्हता. मग रांग सुटली कशी, आणि खात्रीने रोखायची असेल तर योग्य जागा कोणती?

---

टपालहंशील यांचे उत्तर:

घडले ते वाईट झाले, पण आपण लॉगची नेमकी वेळ दिली आहे आणि तिच्यामुळे कारण शोधणे सोपे जाईल.

«डिफर_ट्रान्सपोर्ट्स» हे कुलूप नव्हे. ज्या काळी सर्व्हर टेलिफोनच्या तारेवरून दिवसातून एक-दोनदाच जोडले जात, त्या काळच्या गरजेसाठी ते उपयुक्त होते, आणि त्याचा अर्थ दस्तऐवजात स्पष्ट दिलेला आहे: या वाहतुकीचे मेल, कोणी «सेंडमेल -क्यू» किंवा त्याच्यासारखी आज्ञा देत नाही तोपर्यंत, पोहोचवू नयेत. म्हणजे ती आज्ञा कोणीही दिली की सगळी रांग सुटते. «पोस्टक्यू -एफ» ही त्याच अर्थाची आज्ञा आहे, आणि ती द्यायला रूटचे अधिकारही लागत नाहीत, कारण मूळ सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरील कोणत्याही वापरकर्त्याला रांग मोकळी करण्याची मुभा असते. पहाटे तीनच्या सुमारास चालणाऱ्या सर्व स्क्रिप्टांमध्ये या दोन आज्ञा शोधाव्यात. काही लिनक्स वितरणांत नेटवर्क जोडले गेल्यावर आपोआप चालणारी एक छोटी स्क्रिप्ट पोस्टफिक्सबरोबरच येते आणि तीही हेच काम करते. तीही पाहून घ्यावी.

आता योग्य जागेविषयी. पोस्टफिक्समध्ये आलेली, पाठवणी चालू असलेली आणि पुन्हा प्रयत्नासाठी थांबलेली पत्रे जशी वेगवेगळ्या डिरेक्टरींमध्ये असतात, तशीच «होल्ड» नावाची एक स्वतंत्र डिरेक्टरी असते. रांगेचा व्यवस्थापक म्हणजे क्यूएमजीआर हा प्रोग्रॅम तिच्याकडे पाहतच नाही. रांग मोकळी करण्याची आज्ञा दिली तरी होल्डमधील पत्र हलत नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तरी ते तिथेच असते. ते सोडायचे किंवा पुसायचे तर रूटनेच «पोस्टसुपर» ही आज्ञा द्यावी लागते. तुम्हाला हवी आहे ती डिरेक्टरी हीच.

पत्र तिथे पाठवायचा नियम कुठे लिहावा, यात मात्र बहुतेकांची चूक होते. अनेक लेखांत एसएमटीपीडीच्या (जोडणीतून मेल स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमच्या) निर्बंधांमध्ये «होल्ड» लिहायला सांगितलेले असते. तो निर्बंध फक्त एसएमटीपी जोडणीतून आलेल्या मेलला लागू होतो. तुमची प्रणाली सर्व्हरवरच बसून सेंडमेल या आज्ञेने पत्र टाकत असेल, तर ते पत्र आधी मेलड्रॉप या डिरेक्टरीत पडते, तिथून पिकअप हा प्रोग्रॅम ते उचलतो आणि क्लीनअप या प्रोग्रॅमच्या हाती देतो. या वाटेत एसएमटीपीडी कुठेच येत नाही, त्यामुळे तिथला नियम कितीही काटेकोर लिहिला तरी पत्र त्याच्या शेजारून निघून जाते. दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे क्लीनअप, आणि क्लीनअप जे नियम वाचतो ते «हेडर_चेक्स» या तक्त्यात असतात. नियम तिथेच लिहावा.

नियम कशावर लिहावा याविषयी माझे मत ठाम आहे. प्रणालीने प्रत्येक पत्रात «एक्स-चाचणी» असा खास हेडर घालावा आणि तोच पकडावा, असे कोणी सुचवेल. तसे करू नये. ज्या साच्यात तो हेडर घालायचा राहून गेला असेल तेच पत्र नेमके बाहेर पडेल. चाचणी सर्व्हरवर सगळे अडवावे आणि जे जायला हवे त्यालाच नाव घेऊन वाट द्यावी. आलेल्या किंवा इथेच टाकलेल्या प्रत्येक पत्राला पोस्टफिक्स स्वतः «रिसीव्हड» हेडर लावतो, म्हणून तो पकडावा:

/^रिसीव्हड:.*फ्रॉम यूजरआयडी ०\)/ डनो
/^रिसीव्हड:/ होल्ड चाचणी सर्व्हर

(फाईलमध्ये हे अर्थातच रोमन अक्षरांत आणि साध्या अंकांत लिहायचे.) पहिली ओळ तुमच्या बॅकअपच्या सूचनांसाठी आहे, «डनो» म्हणजे या हेडरवर काही करू नये. स्थानिक पत्र ज्या वापरकर्त्याने टाकले त्याचा क्रमांक पिकअप त्या हेडरमध्ये नोंदवतो आणि रूटचा क्रमांक शून्य असतो, त्यामुळे रूटच्या क्रॉनचे पत्र पहिल्या ओळीवर सुटते आणि बाकी सर्व दुसऱ्या ओळीवर अडते. बाहेरून आलेल्या पत्रात कोणी असा बनावट हेडर घातला तरी बिघडत नाही, कारण प्रत्येक हेडर स्वतंत्रपणे तपासला जातो आणि एसएमटीपीडीने लावलेला खरा हेडर दुसऱ्या ओळीत सापडतोच. अट एवढीच की स्मरणपत्रांची क्रॉन रूटच्या नावाने चालत नसावी. चालत असेल तर ती आधी वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याकडे द्यावी.

रेगएक्सच्या (अक्षरांचा नमुना जुळवणाऱ्या नियमांच्या) तक्त्याला पोस्टमॅप या आज्ञेने बांधावे लागत नाही, पण नियम बरोबर आहे का हे «पोस्टमॅप -क्यू» ला एक नमुना हेडर देऊन पाहता येते. ते पाहिल्यावर पोस्टफिक्स रीलोड करावे.

एक फट मात्र उरते. पोस्टफिक्स स्वतः जी पत्रे तयार करतो, म्हणजे परत आलेल्या मेलच्या सूचना, त्यांना मूळ सेटिंगमध्ये हे हेडरचे नियम लागत नाहीत. एखादे पत्र तुम्ही सोडले आणि ते पोहोचले नाही, तर त्याची सूचना पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर विनाअडथळा जाईल. म्हणून फायरवॉलमध्ये बाहेर जाणारे पोर्ट २५ बंद करावे, आणि मध्यस्थ सर्व्हरमार्फत पाठवत असाल तर ५८७ सुद्धा. पत्र सोडायच्या वेळी ते तेवढ्यापुरते उघडावे. आपल्या हातून नियमात चूक झाली तरी मग पत्र डिफर्ड रांगेत थांबते आणि चूक लक्षात यायला वेळ मिळतो.

---

उंबरठा यांचे उत्तर:

आपले मनापासून आभार. कारण सापडले. आमच्याच बॅकअपच्या स्क्रिप्टच्या शेवटी, बॅकअप चालू असताना अडकलेले मेल लगेच जावेत या हेतूने, «पोस्टक्यू -एफ» लिहिलेले होते. ती स्क्रिप्ट चालू सर्व्हरवरून जशीच्या तशी इथे आणली गेली होती आणि आठवड्यातून एकदाच चालत असल्यामुळे पहिले तीन दिवस काही झाले नाही.

आपण सांगितलेले दोन्ही नियम लिहिले आणि पोर्टही बंद केले. आज रात्रीची क्रॉन हाताने चालवून पाहिली. यादीत प्रत्येक पत्राच्या क्रमांकाला लागून उद्गारचिन्ह दिसत आहे. ते होल्डचेच चिन्ह आहे ना? स्मरणपत्रांची क्रॉन आमच्याकडे वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावानेच चालते, तेव्हा ती अडचण नाही.

आता पुढचा प्रश्न. रांगेतील पत्रावर पत्ता सभासदाचा आहे. ते माझ्या खात्यावर पाठवायचे तर रांगेतल्या फाईलमधील पत्ता बदलावा लागेल का? आणि «पोस्टसुपर» च्या «-एच» व «-आर» या दोन्ही पर्यायांनी पत्र सुटते असे वाचले, त्यांत फरक काय?

---

टपालहंशील यांचे उत्तर:

होय, उद्गारचिन्ह म्हणजे होल्ड. सध्या पाठवले जात असलेल्या पत्रापुढे तारांकन असते आणि नुसता क्रमांक असेल तर ते इतर रांगांपैकी एखाद्या रांगेत आहे.

रांगेतील फाईल हाताने कधीही उघडून बदलू नये. तिच्यात प्रत्येक नोंदीची लांबी लिहिलेली असते आणि एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी पोस्टफिक्स ती फाईल खराब समजून बाजूला काढतो. वाचायचे असेल तर «पोस्टकॅट -क्यू» ला क्रमांक द्यावा. सुरुवातीला लिफाफ्याच्या नोंदी (पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता) दिसतात, मग हेडर आणि मग मजकूर.

आता फरक. कॅपिटल एच पत्राला होल्डमधून काढून डिफर्ड रांगेत ठेवतो, पत्रात काहीही बदलत नाही. (स्मॉल एच याच्या नेमका उलट आहे, तो पत्र होल्डमध्ये टाकतो. घाईत ही दोन अक्षरे एकमेकांच्या जागी पडतात, म्हणून मी आज्ञा दिल्यावर यादी पुन्हा पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.) आर मात्र पत्राला पुन्हा मेलड्रॉपमध्ये नेतो, तिथून ते पिकअप आणि क्लीनअप यांच्यातून नव्याने जाते, त्याला नवा क्रमांक मिळतो आणि पत्त्यांचे सर्व बदल त्याच्यावर पुन्हा केले जातात. मिल्टर, म्हणजे सही किंवा तपासणी करणारे जोडप्रोग्रॅम, मात्र त्याच्यावर दुसऱ्यांदा चालत नाहीत.

तुमच्या कामाचा उपाय इथेच आहे. «व्हर्च्युअल_एलियस_मॅप्स» मध्ये एक रेगएक्स तक्ता लावून कोणत्याही पत्त्याचे पत्र तुमच्या एकाच पत्त्याकडे वळवावे. मग निवडलेल्या एका पत्राचा क्रमांक देऊन «पोस्टसुपर -आर» चालवावे. ते क्लीनअपमधून जाईल, लिफाफ्यावरचा पत्ता बदलेल, आणि हेडरचा नियम अजून जागेवर असल्यामुळे ते पुन्हा होल्डमध्येच येऊन थांबेल. अनेकांना ही अडचण वाटते. मला मात्र ती सोय वाटते, कारण आता «पोस्टकॅट» ने त्याच पत्राच्या नव्या फाईलमध्ये घेणाऱ्याचा पत्ता खरोखर तुमचाच आहे हे डोळ्यांनी वाचता येते, आणि मगच कॅपिटल एच देऊन सोडता येते. डिफर्डमध्ये गेलेले पत्र रांगेच्या पुढच्या फेरीत निघेल, मूळ सेटिंगमध्ये ही फेरी ३०० सेकंदांनी होते.

दोन गोष्टींचे भान असावे. पत्रातील «टू» हेडर बदलत नाही, फक्त लिफाफा बदलतो, त्यामुळे तुमच्या खात्यात आलेल्या पत्रावर सभासदाचाच पत्ता दिसेल आणि सवयीने «सर्वांना उत्तर» दाबले तर ते खरोखर त्यांच्याकडे जाईल. दुसरे म्हणजे क्रमांकाच्या जागी «ऑल» लिहायचा मोह टाळावा. एकेक क्रमांक द्यावा, दोन-तीन पत्रांसाठी तेवढे कष्ट जास्त नाहीत.

---

निळीशाई यांचे उत्तर:

वरील मांडणी पोस्टफिक्ससाठी उत्तम आहे. एक्झिम हा दुसरा मेल सर्व्हर प्रोग्रॅम वापरणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी थोडे लिहिते, कारण तिथेही नेमकी हीच फसगत होते.

एक्झिममध्ये «क्यू_ओन्ली» हे सेटिंग लावले की पत्र आल्याबरोबर पाठवले जात नाही, नुसते रांगेत पडते. पण रांगेची फेरी मारणारी प्रक्रिया सुरू असेल तर ती ठरलेल्या वेळी येऊन सर्व पत्रे घेऊन जाते. म्हणजे ते «डिफर_ट्रान्सपोर्ट्स» सारखेच आहे, वाट पाहायला लावते, थांबवत नाही. खरे थांबवायचे तर एसीएलमध्ये (मेल स्वीकारतानाच्या नियमांमध्ये) «कंट्रोल = फ्रीझ» लिहावे लागते. यादीत अशा पत्रापुढे «फ्रोझन» असे लिहिलेले येते. हेडर पाहायला «-एमव्हीएच», मजकूर पाहायला «-एमव्हीबी» आणि एक पत्र मोकळे करायला «-एमटी» आहे. मात्र सेंडमेलच्या आज्ञेने स्थानिकपणे टाकलेली पत्रे आणि एसएमटीपीने आलेली पत्रे यांचे एसीएल तिथे वेगवेगळे असतात, तेव्हा एकातच नियम लिहून थांबू नये.

गोठवलेले पत्रही पूर्ण सुरक्षित नसते. «-क्यूएफएफ» असा दुहेरी एफ दिला की एक्झिम गोठवलेल्या पत्रांचीही पाठवणी करू पाहतो. एकच एफ दिला तर गोठवलेली वगळतो. एका अक्षराचा हा फरक मी एका चाचणी सर्व्हरवर अनुभवला आहे, सुदैवाने तिथले सर्व पत्ते आमचे स्वतःचे होते. शिवाय «ऑटो_थॉ» लावलेले असेल तर ठरलेला काळ उलटल्यावर पत्र आपोआप पुन्हा पाठवणीला घेतले जाते, आणि «टाइमआउट_फ्रोझन_आफ्टर» लावलेले असेल तर ठरलेल्या मुदतीनंतर गोठवलेले पत्र पुसलेच जाते. सुट्टीवरून परत येऊन पाहिले तर तपासायची पत्रे गायब, असे त्यामुळे होऊ शकते. दोन्ही सेटिंगे आधी पाहावीत.

सेंडमेल या स्वतंत्र मेल सर्व्हर प्रोग्रॅममध्ये आवृत्ती ८.१३ पासून पत्र विलग ठेवण्याची सोय आहे. तिथे अशा पत्राच्या लिफाफ्याच्या फाईलचे नाव «क्यूएफ» ऐवजी «एचएफ» ने सुरू होते आणि नेहमीची फेरी तिला हात लावत नाही.

---

सर्व्हरसेवक यांचे उत्तर:

चर्चा वाचली. होल्डला माझा विरोध नाही, पण मूळ प्रश्नातील एक गोष्ट कोणीच बोललेले नाही असे वाटते. चाचणी सर्व्हरवर खऱ्या सभासदांचे पत्ते ठेवायचेच कशाला? डेटाबेसची प्रत उतरवतानाच प्रत्येक पत्त्याचा डोमेन बदलून त्याजागी «.इनव्हॅलिड» ने संपणारा डोमेन घालावा. हे नाव आणि «.टेस्ट» हे नाव १९९९ च्या आरएफसी २६०६ या इंटरनेटच्या नियमदस्तऐवजाने अशाच कामांसाठी कायमचे राखून ठेवले आहे, ते कधीच कोणाला दिले जाणार नाही. पत्ता बदलला की रांग सुटली, पोर्ट उघडे राहिले, कोणी दुहेरी एफ दिला, तरी पत्र कोणाच्याही खात्यात पडू शकत नाही. पत्त्याचा डावा भाग तसाच ठेवला तर कोणत्या सभासदाचे पत्र कोणते, हेही ओळखता येते. रांग रोखणे हा त्यानंतरचा उपाय असावा, त्याच्या जागी नसावा.

दुसरी गोष्ट वेळेची. होल्डमधील पत्राला मुदत नसते, ते महिनोन्‌महिने पडून राहते. पण पत्र किती जुने आहे हे पोस्टफिक्स ते आल्याच्या वेळेपासूनच मोजतो. रांगेतील कमाल मुदत मूळ सेटिंगमध्ये ५ दिवस आहे. आठ दिवस होल्डमध्ये राहिलेले पत्र कॅपिटल एच देऊन सोडले आणि पहिल्या प्रयत्नात समोरचा सर्व्हर «थोड्या वेळाने या» म्हणाला, तर पोस्टफिक्स दुसरा प्रयत्न न करता ते परत पाठवतो. म्हणून बराच काळ थांबलेल्या पत्राला आर वापरावा असे दस्तऐवजातही सांगितले आहे. तरीही पत्रातील «डेट» हेडर जुनाच राहतो, डीकेआयएमच्या सहीला मुदत घातलेली असेल तर ती संपलेली असू शकते, आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा असेल तर तो केव्हाच निकामी झालेला असतो. जुन्या पत्रावरून «सही चुकते आहे» असा निष्कर्ष काढून दोन दिवस भलत्याच जागी शोध घेणारे सहकारी मी पाहिले आहेत. तपासायचे ते पत्र ताजे असावे.

डीकेआयएमवरून आठवले. तुमची पत्रे सेंडमेलच्या आज्ञेने जातात, म्हणून सही करणारा मिल्टर «नॉन_एसएमटीपीडी_मिल्टर्स» मध्येही नोंदवलेला हवा. नाहीतर होल्डमधील पत्रावर सहीच दिसणार नाही.

काम झाल्यावर रांग रिकामी करणे हेही कामाचाच भाग समजावे. त्या फाईलींमध्ये लोकांची नावे आणि माहिती असते, आणि मुदत नसल्यामुळे ती आपोआप जाणार नाही. «पोस्टसुपर -डी ऑल» च्या पुढे «होल्ड» हे रांगेचे नाव न विसरता लिहावे. ते राहिले तर बाकीच्या रांगांतली पत्रेही पुसली जातात, आणि त्यांत तुमच्या बॅकअपच्या सूचनाही असू शकतात.

आणि हजारो पत्रांचा भार तपासायचा असेल तर होल्ड हे त्याचे साधन नाही. त्यासाठी पोस्टफिक्सबरोबर «एसएमटीपी-सिंक» नावाचा प्रोग्रॅम मिळतो. तो एसएमटीपीवर सर्व पत्रे स्वीकारतो आणि टाकून देतो, हवी तर फाईलमध्ये उतरवूनही ठेवतो.

---

उंबरठा यांचे उत्तर:

सर्वांचे आभार. सर्व्हरसेवक, आपले म्हणणे पटले. पत्ते बदलण्याची पायरी डेटाबेसची प्रत उतरवणाऱ्या स्क्रिप्टमध्येच घातली आहे, म्हणजे ती कोणाला वेगळी लक्षात ठेवावी लागणार नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमधील ती एक ओळही काढली.

टपालहंशील यांनी सांगितलेल्या क्रमाने एक पत्र पूर्ण तपासले. आर दिला, पत्र नव्या क्रमांकाने पुन्हा होल्डमध्ये आले, «पोस्टकॅट» मध्ये घेणाऱ्याचा पत्ता माझा दिसला, पोर्ट उघडले, कॅपिटल एच दिला आणि चार मिनिटांत पत्र माझ्या खात्यात आले. सही बरोबर ठरली.

पण त्याआधीच, पहिल्यांदा रांगेची यादी पाहताना, एक गोष्ट खटकली होती आणि ती मी इतके दिवस कशी पाहिली नाही याचे आश्चर्य वाटते. यादीत क्रमांक, आकार आणि वेळ यांच्यापुढे पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. तिथे आमच्या कार्यालयाचा पत्ता असायला हवा होता, कारण पत्राच्या «फ्रॉम» हेडरमध्ये तोच आहे. प्रत्येक ओळीत मात्र «डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा» (वेब सर्व्हरचा वापरकर्ता) आणि पुढे यंत्राचे नाव होते. «पोस्टकॅट» ने लिफाफा उघडला तरी पाठवणारा तोच. म्हणजे जी पत्रे पोहोचत नाहीत त्यांच्या सूचना आजवर अशा खात्यावर जात होत्या जे कोणीच उघडत नाही, आणि चालू सर्व्हरवरही हेच घडत असणार. गेल्या वर्षभरात «पत्र मिळालेच नाही» अशी तक्रार करणाऱ्या सभासदांना आम्ही त्यांचा स्पॅमचा कप्पा पाहायला सांगत होतो.

हे प्रणालीतच बदलावे की पोस्टफिक्समध्ये?

---

टपालहंशील यांचे उत्तर:

प्रणालीतच बदलावे. सेंडमेलच्या आज्ञेला «-एफ» देऊन लिफाफ्यावरील पाठवणाऱ्याचा पत्ता ठरवता येतो. पीएचपी असेल तर मेल फंक्शनच्या पाचव्या मूल्यात तो देता येतो. «फ्रॉम» हेडर लिहिल्याने लिफाफा बदलत नाही, आणि एसपीएफची तपासणी (हा सर्व्हर त्या डोमेनच्या वतीने पत्र पाठवू शकतो का, ही) लिफाफ्यावरच होते. त्यामुळे आजवर तुमच्या पत्रांची एसपीएफ तपासणी कार्यालयाच्या डोमेनवर न होता यंत्राच्या नावावर होत आली असणार.

पत्ता असा निवडावा की त्याचे खाते कोणीतरी रोज वाचते. बदल केल्यावर क्रॉन पुन्हा चालवावी आणि यादीतील तोच रकाना पाहावा. त्यानंतर एक पत्र मुद्दाम अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर सोडून त्याची सूचना नव्या खात्यात येते का तेही पाहावे. त्यासाठी वळवण्याचा तक्ता तेवढा वेळ काढावा लागेल, आणि तो काढण्यापूर्वी रांगेतील बाकी सर्व पत्रे पुसलेली असावीत.